घेतली कितीला, पडली कितीला

माझ्या मामांचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान होते. शाळेला सुट्टी लागली की मी तिकडे. दुकानात प्रत्येक साडीला एक लहान चिठ्ठी टाचलेली असे आणि तिच्यावर दोन-तीन अक्षरे. आकडा नाही, नुसती अक्षरे. दहा निरनिराळ्या अक्षरांचा एक शब्द मामांनी ठरवून ठेवला होता. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, असे करीत शेवटचे म्हणजे शून्य. खरेदीची किंमत त्या अक्षरांत लिहिलेली. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की मामा चिठ्ठीकडे एक नजर टाकत आणि मग म्हणत, "नाही हो वहिनी, एवढ्यात नाही परवडत."

१९९२ सालच्या दिवाळीत मामांनी दुकानावर कापडी फलक लावला : 'शेकडा वीस सूट'. गावात ही कल्पना नवीन होती. गिऱ्हाइकांची रीघ लागली. मामांचा हिशेब साधा होता. दोनशेला घेतलेल्या साडीवर आपण शेकडा वीस चढवतो, म्हणजे भाव दोनशे चाळीस. तेच वीस सोडून दिले तर आपले दोनशे आपल्या हातात परत. नफा नाही, पण जुना माल तरी निघेल. भाऊबीज झाल्यावर दुकानातल्या वृद्ध दिवाणजींनी खतावणी पुढे ओढली. ते म्हणाले, "मालक, दोनशे चाळिसाचे शेकडा वीस म्हणजे अठ्ठेचाळीस. साडी गेली एकशे ब्याण्णवला. आणि ती दोनशेला घेतली खरी, पण पडली कितीला? मोटारभाडे, हमाली, नगरपालिकेची जकात धरून दोनशे दहाला पडली. एका साडीमागे अठरा रुपये आपण गिऱ्हाइकाला ओवाळणी घातली."

मामांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी कुणाला फसवले नव्हते, गुणाकारातही चुकले नव्हते. चुकले होते ते एवढेच, की वीस हे दोन्ही वेळा वीसच होते, पण ज्या शंभरातले ते वीस, ते शंभर दोन्ही वेळा एक नव्हते.

पुढे इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर लक्षात आले, की ही गोष्ट मामांच्या दुकानापुरती नाही. विक्रीची किंमत ठरवताना शेकडा किती नफा घ्यावा याची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. पण खरी अडचण नफ्याच्या आकड्यात नाही, ती 'शंभर कशाला म्हणायचे' यात आहे. घेतली त्या किमतीला, पडली त्या किमतीला, की विकली त्या किमतीला?

सुरुवात कौटिल्यापासून करावी लागते. म्हैसूरच्या ग्रंथालयातले आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली 'अर्थशास्त्रा'ची पोथी आली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. पुढे १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची तीन भागांची चिकित्सक आवृत्ती काढली. ग्रंथाच्या काळाविषयी पंडितांत वाद आहे, तो आज बाजूला ठेवू. व्यापाऱ्यांवर नजर ठेवण्याच्या प्रकरणात कौटिल्य स्पष्ट सांगतो, की देशातल्या मालावर शेकडा पाच आणि परदेशच्या मालावर शेकडा दहा इतकाच नफा ठरवून द्यावा. कशावर? तर राज्याने मान्य केलेल्या खरेदीच्या किमतीवर. याच्या वर जाऊन शंभर पणांमागे आणखी पाच पण उकळणाऱ्याला दोनशे पण दंड. म्हणजे कौटिल्याचे शंभर हे 'घेतली कितीला' याचे शंभर आहेत, आणि तेही व्यापारी सांगेल ते नव्हेत, सरकारने मानलेले.

एवढेच वाचून थांबले तर कौटिल्य फार कडक वाटतो. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी तो एक पाऊल पुढे टाकतो. माल दूरच्या प्रदेशातून आलेला असेल किंवा बराच काळ पडून राहिलेला असेल, तर भाव जाणणाऱ्या अधिकाऱ्याने घातलेले भांडवल, मालाचे उत्पादन, जकात, व्याज, भाडे आणि इतर खर्च हे सगळे मोजून मगच किंमत ठरवावी, असे तो सांगतो. परराज्यातल्या व्यापाराविषयी लिहिताना तर त्याची यादी आणखी लांबते : जकात, रस्त्याची पट्टी, सोबतच्या रक्षकांचा मेहनताना, नाक्यावरचे देणे, नदी उतरण्याचा पैसा, माणसाजनावरांचे जेवणखाण, वाटेकऱ्याचा हिस्सा. हे सारे वजा घालून जो उरेल तो शुद्ध लाभ. ही यादी वाचताना मला दिवाणजींची खतावणीच आठवते. नावाड्याच्या जागी मोटारभाडे घाला, रक्षकांच्या जागी विमा घाला, बाकी तीच.

या यादीत व्याज आहे, तिथे क्षणभर थांबू. कौटिल्याच्याच ग्रंथात व्याजाचे दर दिले आहेत. धर्म्य व्याज महिन्याला शेकडा सव्वा पण. व्यापारासाठी महिन्याला शेकडा पाच, रानावनातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. आता हे आकडे नफ्याच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. कर्ज काढून देशी माल भरणाऱ्या वाण्याला नफा शेकडा पाच आणि व्याज महिन्याला शेकडा पाच. माल एका महिन्यात गेला नाही, तर नफा सावकाराच्या घरी गेला. समुद्रावरून आलेल्या मालाचे तर विचारायलाच नको. दहा टक्क्यांचा नफा पंधरा दिवसांत संपतो! तेव्हा व्याज हा खर्च धरून वेगळा मिळाल्याशिवाय हे नियम चालणेच शक्य नव्हते. नुसते 'शेकडा पाच, शेकडा दहा' हे वचन उचलून प्राचीन भारतात नफा किती मर्यादित होता असे सांगणारे लेख मी वाचले आहेत. त्यांनी शेजारचे पान उलटलेले नसते.

जकातीचा हिशेबही असाच बोलका आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वसाधारणपणे किमतीचा पाचवा हिस्सा घ्यावा, असे कौटिल्य म्हणतो. कापड, सूत, धान्य अशा जिनसांना कमी दर आहेत. वेशीजवळच्या जकातघरासमोर व्यापाऱ्याने मालाचे माप आणि किंमत तीनदा पुकारायची. घेणाऱ्यांत चढाओढ लागून भाव वाढला, तर वाढलेली रक्कम जकातीसह खजिन्यात जमा. आणि जकात चुकवावी म्हणून किंमत कमी सांगितली, तर वरची रक्कम राजाची, नाहीतर जकात आठपट. व्यापाऱ्याची गोची पाहा : किंमत जास्त सांगावी तर जकात वाढते, कमी सांगावी तर माल जातो. खरी किंमत सांगायला लावणारी ही युक्ती होती. प्रत्यक्षात ती किती अमलात आली हा प्रश्न वेगळा. शास्त्रग्रंथ काय व्हावे ते सांगतात, काय झाले ते सांगतीलच असे नाही.

कौटिल्याने एक गोष्ट मात्र मोकळी सोडली. खर्च धरायचा हे ठरले. पण नफ्याचे पाच किंवा दहा हे नुसत्या खरेदीवर मोजायचे, की खर्च मिळवून झालेल्या बेरजेवर? याज्ञवल्क्य स्मृतीत तेच पाच आणि तेच दहा आले आहेत. मात्र ते घेऊन लगेच विकणाऱ्यासाठी आहेत असे तिथे म्हटले आहे. पुढच्याच श्लोकात मालापायी झालेला खर्च मालावर ठेवून, घेणारा आणि विकणारा दोघांनाही अनुकूल होईल असा भाव ठरवावा, असे सांगितले आहे. 'मालावर ठेवून' म्हणजे नेमके कसे?

याचे उत्तर दिले ते विज्ञानेश्वराने. हा कल्याणीच्या चालुक्यांच्या, विक्रमादित्य सहाव्याच्या, पदरी असलेला पंडित. बाराव्या शतकाच्या आगेमागे त्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, आणि तिचा अधिकार पुढे आपल्या कोर्टकचेऱ्यांतही शतकानुशतके चालला. तो म्हणतो, की परदेशाहून माल आणताना जाण्यायेण्यात, माल घेण्यात, जकातीच्या ठाण्यांवर जेवढे पैसे लागले तेवढे मोजावेत, ते मालाच्या किमतीत मिळवावेत, आणि मग शंभर पणांमागे दहा पण सुटतील असा भाव राजाने ठरवावा. माल काही काळाने विकला जाणार असेल तर काळ वाढेल तसा नफाही वाढता धरावा, हेही तो सांगून ठेवतो.

फरक किती पडतो? समजा, परदेशात माल शंभर पणांना घेतला आणि वाटखर्च व जकात मिळून चाळीस पण लागले. नफा नुसत्या खरेदीवर धरला तर दहा पण, विक्री दीडशेला. विज्ञानेश्वराच्या रीतीने आधी एकशे चाळीस, मग त्यावर शेकडा दहा म्हणजे चौदा. विक्री एकशे चौपन्नला. चार पणांचा फरक. आकडा लहान दिसतो, पण त्यामागचा विचार मोठा आहे. जकातीत आणि वाटखर्चात घातलेला पैसाही व्यापाऱ्याच्याच गाठीचा, तोही तितकेच दिवस अडकून पडलेला. त्यालाही मोबदला हवा, असे विज्ञानेश्वर मानतो. त्याचे शंभर हे 'पडली कितीला' याचे शंभर आहेत. दिवाणजींनी 'मिताक्षरा'चे नावही ऐकले नसेल, पण त्या दिवशी ते विज्ञानेश्वराच्याच बाजूने बोलत होते.

ज्या काळात धर्मशास्त्री हा खल करीत होते, त्याच शतकात गणितीही हेच पदार्थ हाताळत होते. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. तिच्यात लाकडी फळ्यांचे एक उदाहरण आहे. मोठ्या तीस फळ्यांना शंभर निष्क पडतात, तर जाडी, रुंदी, लांबी प्रत्येकी चाराने कमी अशा चौदा फळ्यांना किती? हे झाले नवराशिक. उत्तर सोळा निष्क आणि दोन तृतीयांश. लगेच पुढचा प्रश्न : मोठ्या फळ्या एक गव्यूती नेण्याचे भाडे आठ द्रम्म, तर लहान फळ्या सहा गव्यूती नेण्याचे किती? हे एकादशराशिक, उत्तर आठच द्रम्म. सोळा द्रम्मांचा एक निष्क, म्हणजे भाडे झाले अर्धा निष्क. ही बेरीज भास्कराचार्यांनी विचारलेली नाही, पण आपण करून पाहू. माल सोळा निष्क दोन तृतीयांश, भाडे अर्धा निष्क, घरात पडल्या सतरा निष्क एक षष्ठांशाला. भाडे मालाच्या बरोबर शेकडा तीन. नफा किती लावावा, ते या उदाहरणात नाही. पण किंमत आणि भाडे ही दोन लागोपाठची उदाहरणे एकाच मालावर घेणाऱ्या त्या माणसाने बाजार जवळून पाहिला होता, एवढे मला नक्की वाटते.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाचा खर्च चालायचा कसा, ते तिथे लिहिले आहे. पाटणच्या बाजारात जे केणे, म्हणजे जो विक्रीचा माल, उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळत होते ते मठाला दिले. विकणाऱ्याकडून मिळणारा ब्राह्मणांचा हक्क ब्राह्मणांनी दिला. नगरानेही गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा हिस्सा दिला. म्हणजे मालावर चढणारे देणे गिऱ्हाइकाच्या अंगावर की विकणाऱ्याच्या, हे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका बाजारपेठेत दगडावर कोरून स्पष्ट केलेले होते. गणित शिकवणाऱ्या मठाला बाजाराच्या भावातून अन्न मिळावे, हाही एक योगच म्हणायचा.

पेशवाईत येईपर्यंत जकातीचे जाळे फार गुंतागुंतीचे झाले होते. माल भरला त्या ठिकाणी थळभरीत, विकला त्या ठिकाणी थळमोड, आणि अधल्यामधल्या नाक्यानाक्यावर निराळे देणे. वसुली बहुधा बैलाच्या ओझ्यावर. ओझ्यावर जकात म्हटली की शेकड्याचा हिशेब कोलमडतो. रेशमाच्या ओझ्याला जे देणे किरकोळ, ते धान्याच्या ओझ्याला जिवावरचे. शिवाय वाटेत नाकी किती लागतील, हे निघतानाच सांगणे कठीण. मग किंमत ठरवायची कशी? यातून हुंडेकरी नावाचा व्यवसाय उभा राहिला. हुंडेकरी माल अमुक गावी पोचवण्याचा एकच ठोक आकडा सांगे. त्यात भाडे आले आणि वाटेतल्या साऱ्या जकातीही आल्या. नाक्यावर भांडण झाले तर ते त्याचे. व्यापाऱ्याला काय मिळाले? घर सोडण्यापूर्वीच 'पडली कितीला' हा आकडा मिळाला. हुंडेकऱ्याचे महत्त्व आपल्या इतिहासात वाहतूकदार म्हणून सांगतात; मला तो अनिश्चित खर्चाला निश्चित आकडा देणारा माणूस म्हणून अधिक मोठा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंग्रजांनी मुंबई इलाख्यातल्या वाटेवरच्या जकाती उठवल्या, पुढे आगगाडी आली, आणि हुंडेकऱ्याचे ते जुने काम संपत गेले.

सामान्य दुकानदाराला शेकडा हा शब्द तसा परकाच होता. त्याचा हिशेब आण्यांत चाले. सोळा आण्यांचा रुपया. रुपयामागे एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के, दोन आणे म्हणजे साडेबारा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे ज्यांच्या तोंडात, त्यांना कागद लागत नसे. पण वाद इथेही होताच. 'रुपयामागे दोन आणे नफा' म्हणजे रुपयाला घेऊन अठरा आण्यांना विकायचे, की विकलेल्या प्रत्येक रुपयातले दोन आणे आपले, म्हणजे चौदा आण्यांना घेतलेले रुपयाला विकायचे? पहिल्या रीतीत खरेदीवर साडेबारा टक्के, दुसरीत सव्वाचौदाच्या किंचित वर. दुकानातला भागीदार एक रीत धरी आणि मालक दुसरी, म्हणजे वर्षअखेरीला भांडणाची सोय झालीच. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि टक्का प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला. हिशेब सोपा झाला, यात शंका नाही. परंतु सवायकीबरोबर एक शहाणपणही थोडे मागे पडले. सवाई चढवली की विक्रीत नफा पाचवा हिस्सा होतो. दिडकी लावली की तिसरा. दुप्पट केली की निम्मा. हे पाढ्याच्या अंगानेच कळत असे. टक्क्यांत तेच पंचवीसचे वीस होतात, पन्नासचे सव्वातेहतीसच्या किंचित वर होतात, आणि माणूस गोंधळतो.

आजच्या बाजाराने शंभराचा अर्थ पुन्हा एकदा बदलला आहे. बंद पाकिटातल्या मालावर १९९० पासून सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते. त्यापूर्वी 'स्थानिक कर वेगळे' असे छापून कारखानदाराला मोकळे होता येत असे. आता किंमत आधी छापली जाते आणि किरकोळ दुकानदार तिथून मागे मोजत येतो. छापील किमतीवर शेकडा वीस सुटतात, असे तो म्हणतो तेव्हा माल त्याला ऐंशीला मिळालेला असतो. खरेदीवर ते पंचवीस. त्याचे शंभर हे 'विकली कितीला' याचे शंभर. कौटिल्याच्या शंभराच्या अगदी उलट टोकाला आपण येऊन पोचलो.

आणि विज्ञानेश्वराचे शंभर? त्यांचीही फेरतपासणी झाली. पूर्वीच्या विक्रीकरात एका हाताने भरलेला कर पुढच्या हाताच्या किमतीत जाई, त्यावर नफा चढे, आणि त्या साऱ्यावर पुन्हा कर बसू शके. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. मागे भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याने तो कर 'पडली' या आकड्यात धरायचा नाही. पण ठोक दराने कर भरणाऱ्या लहान दुकानदाराला ती वजावट नाही. त्याला तो कर मालावर ठेवावाच लागतो. एकाच रस्त्यावरची समोरासमोरची दोन दुकाने, एकाच ठोक व्यापाऱ्याचा माल, आणि तरी तो दोघांना निरनिराळ्या किमतीला पडतो. मुंबईची जकातही त्याच जुलैत संपली. नाक्यांवरच्या मालमोटारींच्या रांगा आता फक्त आठवणीत आहेत.

मामांनी त्या दिवाळीनंतर चिठ्ठ्या बदलल्या. प्रत्येक साडीला दोन ओळी आल्या, वर घेतल्याची अक्षरे आणि खाली पडल्याची. पुढच्या वर्षी सुटीची पाटी लावायची की नाही यावर बरीच चर्चा झाली. दिवाणजींनी पाटीवर खडूने मांडून दाखवले : पडली दोनशे दहाला, तिची सवाई दोनशे साडेबासष्ट, त्यातले शेकडा वीस म्हणजे साडेबावन्न सोडले की उरतात बरोबर दोनशे दहा. मामा बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सूट द्यायची तर आधी भाव वाढवायचा. मग गिऱ्हाइकाला मिळालं काय?" दिवाणजींनी पाटी पुसली आणि चहा सांगितला. फलक त्या वर्षी लागला नाही.